शोकेसमधली नवरी

तालुक्याच्या गावच्या जुन्या फोटो स्टुडिओला एक काचेची शोकेस असे. तीत गावातलीच एखादी नवरा-नवरीची जोडी, उशीला टेकवून बसवलेले गुबगुबीत बाळ आणि शेजारी, का कोण जाणे, एखादी सिनेतारका! एस.टी.ची वाट पाहणारी माणसे तिच्यापुढे घटकाभर रेंगाळत. ‘ही तर अमक्याची सून’ अशी ओळख पटली, की पुढच्या लग्नाचे काम त्याच स्टुडिओकडे जाई. जाहिरात म्हणायची ती एवढीच.

ती काच आता मोबाइलची झाली आहे. भंडारा जिल्ह्यात, तुमसर तालुक्याच्या उत्तर टोकाला मध्य प्रदेशच्या सीमेजवळ नाकाडोंगरी आहे. जवळच डोंगरी बुजुर्गची मँगनीजची खाण आणि सभोवती जंगल. अशा गावातल्या तरुणाने कॅमेरा घेऊन धंदा मांडला, तर त्याच्या दुकानावरून जाणारी माणसे ती किती? मोबाइलच्या काचेपुढून मात्र तुमसरपासून सीमेपलीकडच्या कटंगीपर्यंतचे गिऱ्हाईक जाते. पोटासाठी नागपूर-पुण्याला गेलेली गावची पोरेही डोकावतात.

पण गफलत होते ती इथेच. इन्स्टाग्रामवर दूरच्या हजार लोकांनी ‘लाइक’ केले, तरी त्यातून एक बारसे मिळत नाही. काम मिळते ते वीस-पंचवीस कोसांतल्या माणसांकडून, आणि ती माणसे व्हॉट्सअॅपचे स्टेटस पाहतात. हे स्टेटस चोवीस तासांत पुसले जाते आणि सहसा दोघांनीही एकमेकांचा नंबर मोबाइलमध्ये जपून ठेवला असेल तरच दिसते. तेव्हा अल्बम हाती देताना गिऱ्हाइकाकडून आपला नंबर ‘सेव्ह’ करून घेणे हे दहा चटकदार रीळांपेक्षा मोलाचे. गुगलच्या नकाशावर दुकानाची नोंद फुकट होते, तीही अनेकांना ठाऊक नसते.

आणि दाखवायचे काय? डोंगरापुढे हात पसरलेले जोडपे तर सगळेच दाखवतात. धान घरात यायच्या सुमारास, दिवाळीनंतर या भागात गावोगावी मंडई भरते, रात्रभर दंडार रंगते. त्या गर्दीतले चेहरे, गावाच्या नावासकट, ज्याने टिपले त्याचे नाव तोंडोतोंडी होते. हे काम पुण्याचा फोटोग्राफर करू शकणार नाही.

आता त्या नवरीकडे वळू. स्टुडिओवाला तिचा फोटो शोकेसमध्ये लावी, तेव्हा तो गावापुरता असे. सासरच्यांना खटकला तर संध्याकाळपर्यंत निघे. आज तोच फोटो एका रात्रीत कुठल्या कुठे जातो आणि परत आणता येत नाही. ‘फोटो मी काढला, म्हणजे माझाच’ असे फोटोवाले म्हणतात. १९५७ चा कॉपीराइट कायदा तसे म्हणत नाही. पैसे देऊन काढवून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्कदार, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा असतो. म्हणजे जाहिरातीसाठी टाकलेली ती नवरी कायद्याच्या दृष्टीनेही परक्याची मालमत्ता! ॲडव्हान्सच्या पावतीवर ‘निवडक फोटो जाहिरातीसाठी वापरू / वापरू नये’ अशी एक ओळ छापून सही घेतली, तर भांडण उरत नाही. मात्र हे लग्नघाईत नव्हे, काम ठरतानाच विचारावे. आणि एकट्या नवऱ्याच्या बापाला नव्हे, मुलीलाही.

जंगलाचे फोटो टाकणाऱ्यांपुढे वेगळाच पेच आहे. तिथे परवानगी मागायला कुणी नसते. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात ‘एफ-२’ वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांची वाट पर्यटकांच्या गाड्यांनी अडवली. त्याची चित्रफीत समाजमाध्यमांवर पसरली आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. गाड्या का अडल्या असतील? हव्या तशा फोटोसाठीच, दुसरे काय! नाकाडोंगरी हेही भंडारा वनविभागातले एक वनपरिक्षेत्र. इथल्या पोराने नाव कमावण्यासाठी जनावराचा फोटो टाकावा, जरूर टाकावा. पण खाली पाणवठ्याचे नाव कशाला? ‘भंडाऱ्याचे जंगल’ एवढे पुरे. शिवाय मोबाइलमध्ये ठिकाणाची नोंद चालू असेल, तर मूळ फाइलबरोबर त्या जागेचे अक्षांश-रेखांशही जातात. फोटोचा दर्जा टिकावा म्हणून कुणाला मूळ फाइल पाठवली, की पाणवठ्याचा पत्ताही त्याच्या हाती पडतो. ती नोंद कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये बंद करता येते आणि ते जंगलात शिरण्यापूर्वी करायचे असते.