कपाळावरील शस्त्रक्रियेनंतरचे दिवस

दैवाचा विषय निघाला की मराठी माणसाचा हात कपाळाकडे जातो. कुंकू वा गंध लावण्याचे स्थान तेच, आणि नापसंती प्रथम उमटते तीही कपाळावरील आठ्यांतूनच. वाढत्या वयाच्या खुणाही येथे लवकर दिसू लागतात. त्वचेचा ताठपणा कमी होतो, भुवया खाली उतरतात, पापण्या जड दिसू लागतात, आणि मनुष्य थकलेला नसूनही थकलेला किंवा रागावलेला भासतो. ही उतरण दूर करण्यासाठी कपाळाची त्वचा व भुवया वर ओढून घेण्याची शस्त्रक्रिया केली जाते. फ्रान्समधील शल्यचिकित्सक रेमों पासो यांनी १९१९ साली अशा प्रकारच्या शस्त्रक्रियेचे वर्णन केले. पुढे एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत केसांमधून छेद घेण्याची पद्धत रूढ झाली. आणि १९९० नंतरच्या दशकात केसांतील चार-पाच लहान छेदांतून दुर्बिणीच्या साहाय्याने हेच काम होऊ लागले.

शस्त्रक्रियेचे काम एक-दोन तासांत आटोपते. शरीराचे काम मात्र त्यानंतर सुरू होते आणि ते कित्येक महिने चालते. शस्त्रक्रिया करवून घेऊ इच्छिणाऱ्याने तिच्या खर्चाची व परिणामाची जितकी चौकशी करावी, तितकीच या पुढच्या काळाचीही करावयास हवी. या काळात कोणत्या गोष्टी स्वाभाविक आहेत हे ज्याला ठाऊक नसते, तो क्षुल्लक गोष्टींनी घाबरतो आणि खऱ्या धोक्याकडे मात्र दुर्लक्ष करण्याचा संभव असतो.

कपाळाची जखम चांगली भरून येते, हे महाराष्ट्रात फार पूर्वीपासून माहीत होते. लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ या मासिकाच्या १७९४ च्या ऑक्टोबर अंकात पुण्याकडील एका शस्त्रक्रियेची हकीकत प्रसिद्ध झाली. इंग्रजी फौजेतील कावसजी नावाच्या गाडीवानाचे नाक टिपूच्या कैदेत असताना कापले गेले होते. पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतील एका कारागिराने कपाळाची त्वचा खाली वळवून त्याला नवे नाक करून दिले. सांध्यावर काताचा लेप दिलेल्या कापडाच्या घड्या ठेवीत. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजविलेले कापड लावीत. रोग्याला पाच-सहा दिवस उताणे निजवीत. आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास त्वचेचा जोडलेला पट्टा कापून टाकीत. काही काळाने कपाळावरील व्रण फारसा नजरेत भरत नसे, असेही त्या वृत्तान्तात नमूद आहे. त्या शस्त्रक्रियेचा हेतू निराळा होता. परंतु कपाळाला होणारा विपुल रक्तपुरवठा आणि दिवस मोजून धीर धरण्याची आवश्यकता, या दोन गोष्टी आजही तशाच आहेत.

पहिल्या रात्री डोक्याला पट्टी असते. कधी साचणारे रक्त बाहेर यावे म्हणून बारीक नळीही ठेवलेली असते. वेदना असह्य नसतात. डोके आवळल्यासारखे वाटते व ठणकते, आणि दिलेल्या औषधाने ते आटोक्यात राहते. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते. ती पुढे पापण्यांवर व गालांवर उतरते, डोळ्यांभोवती काळेनिळे डाग पडतात, आणि डोळे अर्धवट मिटल्यासारखे होतात. शस्त्रक्रिया कपाळावर झाली असता डोळे का सुजावेत, असा प्रश्न रोग्याला पडतो. कपाळाचा स्नायू भुवयांपाशी हाडाला चिकटलेला नसतो. त्यामुळे त्याखाली साचलेला द्रव सहज पापण्यांत उतरतो. डोके उशांवर उंच ठेवून निजणे व सांगितल्याप्रमाणे थंड घड्या ठेवणे, एवढ्याने पुष्कळ आराम पडतो.

टाके किंवा धातूच्या टाचण्या साधारणतः सात ते दहा दिवसांत काढतात. बैठे काम करणारा मनुष्य बहुधा दहा ते चौदा दिवसांनी कामावर जाऊ शकतो. परंतु वाकणे, ओझे उचलणे व व्यायाम ही दोन-तीन आठवडे टाळावीत. कारण त्यांनी डोक्यातील रक्ताचा दाब वाढतो. जखम पुरती भरेपर्यंत तेल, मेंदी वा कलप केसांना लावू नये. विडी, सिगारेट व तंबाखू निषिद्धच समजावीत. निकोटिनने सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचित होतात आणि त्वचेला मिळणारे रक्त नेमके गरजेच्या वेळी कमी पडते.

यानंतरचे बदल अधिक सावकाश होतात. छेदामागील डोक्याचा भाग बधिर राहतो. ज्ञानतंतू पुन्हा जागे होऊ लागले की मुंग्या येतात, खाज सुटते. हे काही महिने चालते, आणि लांब छेदाच्या पद्धतीत थोडा बधिरपणा कायमचाही राहू शकतो. छेदाजवळचे केस गळतात. मुळे शाबूत असल्यास ते काही महिन्यांत पुन्हा येतात. आरंभी भुवया अधिक उंच दिसतात आणि मुद्रा सदैव चकित झाल्यासारखी वाटते. ऊती स्थिरावल्या की त्या किंचित खाली येतात. अंतिम रूप दिसण्यास सहा महिनेही लागू शकतात. म्हणून पहिल्या पंधरवड्यातील आरशावरून निकाल देऊ नये. या दिवसांत मन उदास होणे, आपण हे उगीच केले असे वाटणे, हेही अनेकांच्या वाट्याला येते. घरच्यांनी अशा वेळी चेहऱ्याची चिकित्सा न करता धीर द्यावा.

काही लक्षणे मात्र थांबून पाहण्याजोगी नसतात. एकाच बाजूला झपाट्याने वाढणारी घट्ट सूज व तीव्र वेदना हे आत रक्त साचल्याचे चिन्ह असू शकते. ताप, पू, दृष्टी अंधुक होणे, डोळ्यात वेदना होणे, पापणी न मिटणे किंवा एक भुवई हलेनाशी होणे, यांपैकी काहीही आढळल्यास विलंब न लावता शल्यचिकित्सकाकडे जावे. भुवईची दुर्बलता बहुतेक वेळा कालांतराने जाते; परंतु तो निर्णय तपासणाऱ्यानेच करावयाचा असतो.

कपाळ वर ओढल्याने वय थांबत नाही. त्वचेचा क्रम पुढे चालूच राहतो. शस्त्रक्रियेने मुद्रेवरचा अकारण थकवा कमी होतो, एवढीच तिच्याकडून रास्त अपेक्षा आहे. ती बाळगणारा आणि शरीराला त्याचा अवधी देणारा मनुष्य हे दिवस सहसा निर्धास्तपणे पार पाडतो.