पानांचे प्रकाशसंरक्षण

प्रकाशसंरक्षण म्हणजे गरजेपेक्षा अधिक सूर्यप्रकाशामुळे होणारी हानी टाळण्यासाठी वनस्पतींच्या पानांत घडणाऱ्या प्रक्रियांचा समूह होय. प्रकाशसंश्लेषणासाठी प्रकाश अत्यावश्यक असला, तरी पान तो एका मर्यादेपर्यंतच वापरू शकते. भात, सोयाबीन यांसारख्या पिकांच्या पानांत भर दुपारच्या उन्हाच्या निम्म्याहून कमी प्रकाशातच प्रकाशसंश्लेषणाचा वेग कमाल पातळीजवळ पोहोचतो. ऊस, ज्वारी यांच्या पानांची मर्यादा याहून बरीच वर असते.

अतिप्रकाशाचे परिणाम

हरितद्रव्याने शोषलेली ऊर्जा शर्करानिर्मितीत खर्च झाली नाही, तर तिच्यामुळे ऑक्सिजनची अतिक्रियाशील रूपे तयार होतात व ती पेशीतील प्रथिने आणि मेद यांना इजा करतात. हरितलवकातील प्रकाशप्रणाली-२ या घटकामधील डी१ प्रथिनाला सर्वाधिक झळ पोहोचते. पेशी हे प्रथिन सतत बदलत असतात. मात्र हानीचा वेग दुरुस्तीपेक्षा वाढला, की प्रकाशसंश्लेषण मंदावते. यास प्रकाशनिरोध म्हणतात. पाण्याच्या टंचाईत पर्णरंध्रे मिटतात व पानात कार्बन डायऑक्साइड कमी पडतो. त्यामुळे एरवी सोसवणारा प्रकाशही जास्त ठरतो.

संरक्षणाच्या पद्धती

प्रकाश टाळणे : सोयाबीन व घेवडा यांच्या पर्णिका कडक उन्हात सूर्यकिरणांना समांतर होतात. पेशींच्या आत हरितलवके बाजूच्या भित्तींकडे सरकतात व एकमेकांच्या सावलीत येतात.

प्रकाश अडवणे : रुईच्या कोवळ्या पानांवरील पांढरी लव काही प्रकाश परावर्तित करते. आंबा व कोशिंब यांच्या तांबूस पालवीतील अँथोसायनिन हे रंगद्रव्य कोवळ्या हरितलवकांवर पडदा धरते, असे मानले जाते. ते कीटकांपासूनही बचाव करत असावे, असे दुसरे मत आहे.

उष्णतेच्या रूपाने विसर्जन : तीव्र प्रकाशात हरितलवकातील थायलाकॉइड पटलांच्या आतील पोकळी आम्लधर्मी होते. त्यामुळे व्हायोलाझँथिन या पिवळ्या रंगद्रव्याचे झिआझँथिनमध्ये रूपांतर होते. पीएसबीएस प्रथिनाच्या साहाय्याने जादा ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. प्रकाश मंदावल्यावर झिआझँथिनचे पुन्हा व्हायोलाझँथिन होते. या फेऱ्यास झँथोफिल चक्र म्हणतात.

पन्हाळा परिसर

कोल्हापूरच्या वायव्येस सुमारे २० किमी अंतरावरील पन्हाळ्याजवळचे मसाई पठार जांभ्या खडकाचे असून तेथे मातीचा थर पातळ व वृक्षांची सावली विरळ आहे. पावसाळ्यात ढग व ऊन यांच्या आळीपाळीमुळे पानांवरील प्रकाश काही मिनिटांत अनेक पटींनी बदलतो. पाऊस ओसरल्यावर तीव्र ऊन व कोरडी माती यांचा ताण एकदम पडतो. सह्याद्रीच्या अशा पठारांवर वाढणारी दवबिंदू ही कीटकभक्षी वनस्पती उघड्या उन्हात तांबूस दिसते. कोरडेपणा सोसणाऱ्या काही वनस्पती सुकताना पाने गुंडाळून घेतात, त्यामुळे प्रकाश झेलणारा पृष्ठभाग घटतो.

शेतीतील महत्त्व

प्रकाशसंरक्षणाची किंमत पिकालाच मोजावी लागते. पानावर ढगाची किंवा वरच्या पानाची सावली आल्यानंतरही उष्णताविसर्जन काही मिनिटे चालूच राहते व तेवढा वेळ उपयोगी प्रकाशही वाया जातो. हा विलंब कमी करण्यासाठी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातील संशोधकांनी झँथोफिल चक्रातील दोन विकरे व पीएसबीएस यांच्या जनुकांची क्रियाशीलता वाढवली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार अशा तंबाखूचे शुष्क वजन सुमारे १५ टक्क्यांनी वाढले. २०२२ मध्ये सोयाबीनच्या एका हंगामातील शेतचाचणीतही उत्पादनवाढ नोंदवली गेली. बटाट्यात मात्र असा लाभ दिसला नाही. या प्रयोगांत संरक्षण काढून टाकलेले नाही, तर गरज संपताच ते लवकर थांबेल अशी व्यवस्था केली आहे. संरक्षणच नसलेले पान कडक उन्हात टिकाव धरू शकत नाही.