पावशाची हाक : वाचकांच्या तीन जिज्ञासा

बी-बियाणे, खते व जनावरे यांविषयी पृच्छा नेहमीच येतात. या खेपेस मात्र मानोरा तालुक्यातील इंझोरीच्या वाचकांनी पावशा पक्ष्यासंबंधी तीन प्रश्न केले आहेत. वरवर ते केवळ कुतूहलाचे वाटतील. परंतु त्यांपैकी एकाचा संबंध थेट घरातील बियाण्याशी असल्याने तिन्हींची उत्तरे येथे देत आहोत.

पावशा खरोखरच ‘पेर्ते व्हा’ म्हणतो काय?

पक्ष्याच्या सुरांत व्यंजने नसतात. ती आपला कान भरतो, आणि मनात जे घोळत असेल तेच भरतो. आपल्या शेतकऱ्यास तीत पेरणीची सूचना ऐकू येते. हिंदी भाषिकांस तोच पक्षी ‘पी कहाँ’ असे विचारतो. बंगाल्यात ‘चोख गेलो’, म्हणजे डोळा गेला, असा विलाप ऐकतात. आणि इंग्रजांनी त्याचे नावच मेंदूज्वराचा पक्षी असे ठेविले. हाक एक, भाषा चार.

संगीतशास्त्रात ऋषभ स्वर चातकाचा म्हटला आहे. तो चातक हाच काय?

देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ रचला. त्यात षड्ज मोराचा, ऋषभ चातकाचा, पंचम कोकिळेचा, याप्रमाणे सात स्वर सात प्राण्यांस वाटून दिले आहेत. चातक म्हणून सामान्यतः ओळखला जातो तो काळा-पांढरा, तुरेवाला पक्षी. पावशा त्याचाच भाऊबंद असला तरी निराळा. रंगाने राखी व दिसण्यात शिकऱ्यासारखा. शिवाय त्याचा सूर एका जागी ठरत नाही. प्रत्येक हाकेस तो वर चढतो व टिपेस पोहोचताच एकदम तुटतो. अशा सुरास एका स्वराचे नाव देणे अवघडच.

त्याच्या हाकेवर पेरणी करावी काय?

करू नये. पावशाची हाक पावसासाठी नसून विणीच्या हंगामाची आहे. तो स्वतः घरटे बांधीत नाही. मादी सातभाईच्या घरट्यात अंडे घालते, व ते सातभाईच्या अंड्यांप्रमाणेच निळे असते. म्हणून सातभाईंची वीण सुरू झाली की याचे ओरडणे वाढते, आणि ते भर उन्हाळ्यातच कानी येऊ लागते. पुढे मृग लागतो, त्याच सुमारास हाक चालू असते, एवढाच काय तो योग.

हलक्या सरीने जमिनीचा वरचा थर तेवढा भिजतो. त्यात सोयाबीन किंवा कपाशी टाकली आणि पुढे उघाड पडली, तर कोंब करपतात. मग दुबार पेरणी, दुसऱ्यांदा बियाण्याचा खर्च, आणि हंगामही मागे पडतो. यास्तव ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज पेरू नये, अशीच कृषितज्ज्ञांची शिफारस आहे. गावच्या पर्जन्यमापकाचा आकडा पाहावा, आणि आपल्या शेतात ओल किती खोल गेली हे उकरून पाहावे.

तरीही पावशास परका मानू नये. केसाळ अळ्या हे त्याचे आवडते खाद्य. त्या दृष्टीने तो पिकाचा मित्रच होय. बांधावरची झाडे राखली तर तोही राहील व सातभाईही राहतील. त्याची हाक ऐकून तिफण दुरुस्त करावी, बियाण्याची उगवण तपासावी; पेरणीची आज्ञा मात्र जमिनीच्या ओलीकडूनच घ्यावी.