नावाची किंमत : शॅम्पेन आणि आमचा बेदाणा

आमच्या साताऱ्याच्या घरात व्यसनाची मजल चहा-सुपारीपलीकडे कधी गेली नाही. तेव्हा मी ऐन दिवाळीत शॅम्पेनची कथा सांगायला बसलो, याचे वाचकांना नवल वाटेल. पण पेला दूर ठेवूनही या पेयाकडे पाहता येते. आणि तसे पाहिले, तर ही कथा थेट सांगलीच्या द्राक्षबागांपाशी येऊन पोहोचते.

फ्रान्सच्या ईशान्येला शॅम्पेन नावाचा प्रांत आहे. जमीन खडूची, हवा थंड, द्राक्षे आंबट. हिवाळा आला, की द्राक्षरसाचे आंबणे मध्येच थांबे आणि वसंतात ऊब मिळताच ते बाटलीत पुन्हा सुरू होई. कोंडलेल्या वायूने बाटल्या फटाफट फुटत. ओव्हिलेच्या मठात १६६८ पासून १७१५ मध्ये मरेपर्यंत तळघर सांभाळणारे साधू डॉम पेरिन्यों हे या पेयाचे जनक, असे सांगतात. गंमत अशी, की त्या काळी हे बुडबुडे म्हणजे दोषच! साधुमहाराजांचे खरे कसब निरनिराळ्या मळ्यांतली द्राक्षे पारखून त्यांचा मेळ घालण्यात होते.

पुढे त्या दोषालाच माणसाने शिस्त लावली. तयार द्राक्षासवात थोडी साखर आणि यीस्ट घालून बाटली बंद करतात आणि तळघराच्या अंधारात आडवी ठेवतात. आत वायूचा दाब मोटारीच्या चाकातल्या हवेच्या दुपटीहून अधिक होतो. मग बाटली हळूहळू फिरवत उलटी करायची, गाळ बुचाशी जमवायचा, तेवढे तोंड गोठवून गाळ उडवून द्यायचा आणि तारेने बांधलेले बूच ठोकायचे. ‘डॉम पेरिन्यों’ नावाची मानाची शॅम्पेन मोएट घराणे ज्या वर्षी द्राक्षे मनाजोगती उतरतील, त्याच वर्षी काढते आणि वर्षानुवर्षे तळघरात ठेवते. तिची पहिली, १९२१ च्या द्राक्षांची, बाटली बाजारात आली ती १९३६ मध्ये!

आपल्याकडेही हा खटाटोप झाला. १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगावला फ्रेंच तंत्रज्ञांच्या साहाय्याने अशीच फेसाळ वाइन काढली. तिचे ‘ओमर खय्याम’ हे नाव परदेशी पोहोचले; पुढे मात्र कर्जाच्या ओझ्याखाली ती कंपनी बुडाली. २००१ मध्ये राज्याने वाइनचे धोरण आखले. नाशिककडे विंचूरला आणि आमच्या सांगलीकडे पलूसला वाइन पार्क ठरले. नाशिकला बहर आला. पलूसला तसा आला नाही. खुद्द मोएट घराण्याच्या मंडळींनीही २०१३ मध्ये नाशिकच्या द्राक्षांची फेसाळ वाइन बाजारात आणली, पण बाटलीवर ‘शॅम्पेन’ लिहिले नाही. ते नाव त्या प्रांताच्या मातीचे. मालक तोच असला, तरी मळा तो नव्हे!

मग सांगलीने काय केले? साताऱ्याहून कऱ्हाडमार्गे तासगावकडे उतरावे, तो वेलींचे मांडव दिसू लागतात. इथे वेलीला हिवाळ्याची झोप नाही. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची छाटणी, असा वर्षातून दोनदा कात्रीचा फेरा. ऐन फुलोऱ्यात अवकाळी पाऊस आला, की डावणी घड खाऊन टाकते आणि औषधांचा व मजुरीचा खर्च मात्र अंगावर उरतो. जी द्राक्षे हाती येतात, त्यांतली कित्येक शेडमधल्या जाळ्यांवर, थेट उन्हापासून दूर, पंधराएक दिवस सुकतात. चार किलो द्राक्षांचा जेमतेम एक किलो बेदाणा होतो. फ्रान्सची थंडी, तसे हे आमचे कोरडे वारे. दोन्हीकडे हवेचाच गुण माणसाने राबवला.

महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये आणि सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कागदावर आमच्या मातीचेही नाव लागले म्हणायचे. पण नाव कागदावर टिकत नसते, ते गिऱ्हाइकाच्या तोंडी टिकते. शॅम्पेनवाल्यांनी ते शेकडो वर्षे जपले. आम्ही आमचा माल बिननावाच्या पोत्यात ओततो आणि भाव दुसऱ्याने ठरवायचा!

यंदा लक्ष्मीपूजनाच्या प्रसादाला बेदाणे आणताना दुकानदाराला एवढेच विचारा : हा माल कोणत्या गावचा? हा प्रश्न घरोघर विचारला गेला, तर तासगावच्या मांडवाखाली राबणाऱ्याला चार पैसे जास्त मागण्याचे धैर्य येईल.