‘धा’ एकच ऐकू यायला हवा

मैफलीच्या तासभर आधी तबलजी हातोडीने गजऱ्यावर ठोके देत तबला मिळवत असतो. शेजारी साउंडवाला गुडघ्यांवर बसून माइकचा स्टँड बोटभर पुढे, बोटभर मागे करत असतो. पहिल्याच्या कामाला आपण कला म्हणतो. दुसऱ्याचं कामही तितकंच कानाचं आहे.

नुसतं ताणलेलं गोल कातडं सुरात बोलत नाही. त्याची कंपनं मूळ कंपनाच्या १.५९ पट, २.१४ पट अशी वेडीवाकडी पडतात. तबल्याची शाई पुडीला मधोमध वजन देते आणि त्यांना दुप्पट, तिप्पट अशा सुरेल रांगेत आणते. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये ‘नेचर’मध्ये हे मांडलं. मात्र ही कंपनं पुडीभर विखुरलेली असतात. चाटेवर ‘ना’ची धार असते, लवेवर ‘तीं’ची आस. सगळं मिळून सूर होतो तो पुडीपासून थोडं दूर. माइक पुडीला चिकटवला, तर त्या एका जागेचाच टणत्कार मिळतो आणि शाईची मेहनत वाया जाते.

म्हणून वीतभर अंतर ठेवायचं. माइक श्रोत्यांच्या बाजूने, हाताच्या वाटेत न येता, किंचित तिरका चाटेकडे वळवायचा. डग्ग्याला वेगळा माइक. दिशा धरणारा माइक जवळ आला की खालचे स्वर फुगवतो. डग्ग्याला थोडा फुगारा शोभतो, पण जास्त झाला की घुमारा जाऊन नुसती धडधड उरते आणि मनगटाने काढलेली मींड हरवते.

रंगमंचावर डायनॅमिक माइक सोयीचा. शुअरचा एसएम ५७ हा १९६५ पासूनचा असाच एक भरवशाचा गडी. कार्डिऑइड माइक पाठीमागचं सर्वांत कमी ऐकतो, म्हणून त्याची पाठ मॉनिटरकडे ठेवली की शिट्टी टळते. स्टुडिओत शांतता असते. तिथे ४८ व्होल्टवर चालणारा कंडेन्सर बोटांचा हलका स्पर्शही टिपतो.

खरी अडचण दोन माइकांची. दोघांमधलं अंतर प्रत्येकाच्या वाद्यापासूनच्या अंतराच्या तिप्पट असावं, असा जुना नियम आहे. म्हणजे १५ सेंटिमीटरला ४५. तबला-डग्गा मांडीला मांडी लावून बसलेले, तेव्हा हे दर वेळी जमत नाही. मग माइक एकमेकांपासून बाहेरच्या अंगाला वळवायचे. तरीही एकच आवाज दोन्हीकडे थोडा मागेपुढे पोचतो आणि काही स्वर परस्परांना खातात.

याची परीक्षा तबलजीच घेतो. आधी नुसता ‘ना’, मग नुसता ‘गे’, मग दोन्ही हात मिळून ‘धा’. सुटे बोल भरदार असून ‘धा’ पोकळ वाटला, तर एका माइकची पोलॅरिटी उलटून पाहायची, नाहीतर स्टँड पुन्हा हलवायचा. तबलजीने दोन हातांनी एक अक्षर वाजवलेलं असतं. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही ते एकच ऐकू आलं, की साउंडवाल्याने स्टँडचा स्क्रू घट्ट करावा.