कागद आणि त्यामागचे बळ

राज्यकर्ते बदलले म्हणजे जुन्या कागदांचे काय होते? या प्रश्नाचा शोध घेताना मी जपानच्या १८६८ सालच्या सत्तांतरापर्यंत गेलो. तिथे मिळालेले उत्तर चळवळीतल्या आपण सर्वांनी तपासून पाहावे असे मला वाटते.

जपानात सम्राट क्योतोला नावापुरता आणि सत्ता एदोला तोकुगावा घराण्यातल्या शोगुनच्या हाती, अशी अडीचशे वर्षांची व्यवस्था होती. १८५८ साली अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, रशिया आणि हॉलंड यांनी शोगुनच्या सरकारशी तह केले. या तहांमुळे परकी माणूस जपानी न्यायालयाच्या कक्षेबाहेर गेला. जकात स्वतः ठरवण्याचा जपानचा हक्कही गेला. सम्राटाच्या दरबाराला हे तह मान्य नव्हते. १८६५ साली परकी युद्धनौका ह्योगोजवळ येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा कुठे दरबाराने संमती दिली.

३ जानेवारी १८६८ रोजी दरबाराने सत्ता आपल्याकडे घेतली. परक्यांना हाकलून लावा, अशी गर्जना करणारेच आता राज्यावर आले होते. तह फाडले जातील असे कोणालाही वाटले असते. घडले ते उलटेच. ४ फेब्रुवारीला कोबे येथे बिझेन संस्थानच्या सैनिकांनी परक्यांवर गोळ्या झाडल्या. परकी फौजांनी लगेच वसाहतीचा ताबा घेतला. ८ फेब्रुवारीला हिगाशिकुझे मिचितोमी हा दरबारी सम्राटाचा खलिता घेऊन परकी वकिलांपुढे हजर झाला. तहांत जिथे शोगुनची ‘तायकून’ ही पदवी आहे, तिथे यापुढे सम्राटाचे नाव समजावे, असा त्याचा आशय होता. धनी बदलला, तह कायम राहिले. कोबेच्या गोळीबाराबद्दल ताकी झेन्झाबुरो या अधिकाऱ्याला परक्यांच्या प्रतिनिधींदेखत पोट चिरून प्राण द्यावे लागले. मार्चअखेर पंधरा वर्षांच्या सम्राटाने परकी वकिलांना क्योतोत भेटीला बोलावले. तहांतले जकातीचे जोखड पुरते उतरायला १९११ साल उजाडले.

आता दुसरा कागद पाहू. त्याच नव्या सरकारने १८७१ साली हुकूम काढून ‘एता’ आणि ‘हिनीन’ ही नावे रद्द केली. पहिल्या नावाच्या लिपीचिन्हांचा अर्थ ‘पुष्कळ घाण’, दुसऱ्याचा ‘माणूस नव्हे’. मेलेली जनावरे ओढणारे, कातडी कमावणारे हे लोक. कागदावर ते इतर प्रजेच्या बरोबरीला आले. पण १८७३ साली मिमासाकात नव्या राजवटीवर चिडलेल्या शेतकऱ्यांनी याच लोकांची घरे जाळली, माणसे मारली. कारण ते आता पूर्वीसारखे वाकत नव्हते.

दोन्ही कागद एकाच राजवटीचे. एक अक्षरशः पाळला गेला, दुसरा पायदळी तुडवला गेला. फरक शब्दांत नव्हता. पहिल्यामागे युद्धनौका उभ्या होत्या, दुसऱ्यामागे कोणीच नव्हते.

त्या माणसांना हे कळले. ३ मार्च १९२२ रोजी ती क्योतोला जमली आणि त्यांनी ‘सुइहेइशा’ ही स्वतःची संघटना उभारली. एकावन्न वर्षांपूर्वीच्या हुकुमामागे अखेर कोणीतरी उभे राहिले, आणि ते कोणी सम्राट नव्हते. ज्यांच्यासाठी तो हुकूम निघाला होता, तेच होते.