टिटवीचे समुद्राकाठचे भाऊबंद
(लेखमाला : पाखरांच्या वाटा, भाग 7)

भातकापणीनंतर अनगोळच्या शिवारात ओरडत फिरणारी टिटवी आपण गेल्या आठवड्यात पाहिली. चार पावलं धावायचं, थबकायचं, वाकून टिपायचं ही तिची चाल लक्षात असेल, तर वेंगुर्ल्याच्या वाळूत चिखल्या ओळखायला पुस्तक लागणार नाही. तो तिच्याच कुळातला, पण साळुंकीहून लहान. मोठे डोळे, आखूड चोच. भक्ष्य नजरेला पडलं की झेप. शेजारची तुतारी अशी बघत बसत नाही. तिच्या लांब चोचीच्या टोकाला स्पर्श कळतो, त्यामुळे ती ओली वाळू चाचपत पुढे सरकते. एकाच किनाऱ्यावर दोघांचं पोट भरतं ते असं.

हिवाळाभर मातकट दिसणाऱ्या चिखल्याच्या छातीवर शिमग्याच्या सुमारास विटकरी छटा चढू लागते आणि डोळ्यांवर काळी पट्टी उमटते. याला कारण आहे. चिखल्या विणीला जातो त्या तिबेट-लडाखकडचा उन्हाळा जेमतेम काही आठवड्यांचा. तिथे पोचल्यावर पिसं बदलत बसायला सवड नसते. म्हणून लग्नाचे कपडे इथेच घालून निघायचं!

कुरवांचंही तेच. थंडीत त्यांच्या कानामागे नुसता काळसर ठिपका असतो, मार्चमध्ये सगळं डोकं गडद होतं. बुबुळ फिकट आणि पंखाच्या काळ्या टोकावर पांढरा ठिपका असेल, तर तो तपकिरी डोक्याचा कुरव, लडाखच्या तलावांवर वीण करणारा. मासेमारीची रापण ओढली जात असेल तिथे कुरव हमखास सापडतात.

आपली बेळगावची मंडळी आंबोलीमार्गे समुद्रावर पोचतात ती बहुधा सूर्यास्ताच्या बेताला. पक्षी बघायला याहून वाईट वेळ नाही. समोरून ऊन, त्यामुळे प्रत्येक पक्षी काळा. पश्चिम किनाऱ्यावर सकाळीच जावं; ऊन पाठीमागून येतं आणि पिसन् पीस दिसतं. शिवाय भरती बघून निघावं. ओहोटीला पक्षी दूरवर पांगतात, चढत्या पाण्यात उरलेल्या वाळूवर एकवटतात. कोकणातला हिशेब सोपा आहे : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट, म्हणजे सव्वाअकरा, थोडं मागेपुढे. पहाटे साडेपाचला अनगोळ सोडलं तर नऊच्या आत वेंगुर्ल्याच्या सागरेश्वर किनाऱ्यावर पोचता येतं आणि चढती भरती आयती मिळते.

याच दिवसांत वायंगणी आणि गोव्यातल्या मोरजीला कासवांची घरटी असतात. रात्री किनाऱ्यावर विजेऱ्या नाचवू नका. पिल्लं उजेडाकडे वळतात आणि पाण्याची वाट चुकतात.

आणखी एक विनंती. फोटोसाठी पोरांना थव्यात धावायला लावू नका, गाडी वाळूत घालू नका. या पाखरांची आता प्रवासासाठी चरबी साठवण्याची वेळ आहे. उगाच उडवलेला प्रत्येक थवा त्यातलीच शिदोरी खर्च करतो.

(पुढील भागात : चोर्ला घाटातले धनेश)